विषय: तिसरीच्या वर्गाची वेळ: शनिवार संध्याकाळ की रविवार सकाळ?

प्रेषक: शाळा समन्वयक, 24 ऑगस्ट 2020

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार,

कॅलिफोर्नियातील आपल्या मराठी शाळेच्या तिसरीच्या ताई अजून पुण्यातच आहेत आणि अमेरिकी सरकारच्या 22 जूनच्या आदेशाने एच-1बी (नोकरीच्या) व एच-4 (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसांवरचा नवा प्रवेश वर्षअखेरपर्यंत थांबवला असल्यामुळे त्या डिसेंबरपूर्वी परततील असे धरून चालता येणार नाही. कोरोनामुळे दूरस्थ झालेला आपला वर्ग रविवारी सकाळी दहाला भरतो तेव्हा तिकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. गेल्या सत्रात त्यांनी त्याही वेळी मनापासून शिकवले, परंतु वर्षभर तसेच करा असे मी त्यांना सांगणार नाही. म्हणून तिसरीचा वर्ग शनिवारी संध्याकाळी सातला, म्हणजे पुण्याच्या रविवार सकाळी साडेसातला घ्यावा, असे मी सुचवते. लेबर डेच्या (इथल्या कामगार दिनाच्या) सुट्टीनंतरच्या शनिवारी, 12 सप्टेंबरला सुरुवात करायची असल्याने सर्वांनी गुरुवारपर्यंत मत कळवावे.

प्रेषक: तिसरीचे एक पालक, 24 ऑगस्ट 2020

ताईंच्या कष्टांबद्दल आम्हा सर्वांनाच आदर आहे, तरीही माझा या वेळेला विरोध आहे. राज्याच्या नव्या नियमाप्रमाणे पहिली ते तिसरीच्या मुलांना दूरस्थ शाळेत रोज 230 मिनिटांचे शिक्षण द्यावे लागते आणि त्यातला बराचसा भाग पडद्यासमोर जातो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या मुलाचे डोळे लाल झालेले असतात. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघे एकत्र जेवतो आणि ती एवढीच वेळ संगणकाविना असते. इथल्याच एखाद्या पालकाने या वर्षापुरता वर्ग घेतला तर रविवार मोडावा लागणार नाही.

प्रेषक: तिसरीच्या ताई, 25 ऑगस्ट 2020

नमस्कार. तिथले कोणी वर्ग घेणार असतील तर मी माझ्या सगळ्या टाचणवह्या आनंदाने देईन. मात्र वर्ग माझ्याकडेच राहणार असेल तर मी तास तसाच्या तसा पडद्यावर घेणार नाही. अर्धा तास बोलणे व वाचन आणि उरलेला वेळ वही-पेन्सिल, असे मी ठरवले आहे. जोडाक्षरे हाताने लिहिल्याशिवाय बसत नाहीत आणि त्यासाठी कॅमेरा चालू असण्याची गरज नाही.

सकाळच्या वेळेचा मला आणखी एक मोठा उपयोग दिसतो. मे महिन्यात एका मुलीचे नागपूरचे आजोबा वर्गात सहज डोकावले आणि तिथला उन्हाळा, कूलरला लावायचा वाळा, दुपारी ओस पडणारे रस्ते यांबद्दल बोलू लागले. मला एका शब्दात उत्तर देणारी मुले त्यांना मराठीत प्रश्नावर प्रश्न विचारत होती. रात्री साडेदहाला सगळ्या आजी-आजोबांना जागवणे बरे नाही, पण रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते आनंदाने येतील. या वर्षी कोणालाच उन्हाळ्यात भारतात जाता आले नाही, हेही लक्षात घ्यावे.

प्रेषक: ग्रंथालय विभाग, 25 ऑगस्ट 2020

आजी-आजोबांची कल्पना मला फार आवडली. त्यांनी वाचलेले पुस्तक मुलांच्या हातीही असावे, म्हणून सांगतो की सभागृह बंद झाल्यापासून पुस्तकांच्या सर्व पेट्या माझ्या गॅरेजमध्ये आहेत. ज्यांना पुस्तके हवी आहेत त्यांनी मला कळवावे, मी नावानिशी पिशव्या भरून ठेवीन व त्या गाडीतूनच नेता येतील. परस्पर येऊन पेट्या उघडू नयेत, कारण देवघेवीची वही गेली कित्येक वर्षे मी सांभाळत आहे आणि ती विस्कटली तर पुन्हा जुळवणे कठीण जाईल. 16 ऑगस्टच्या विजांनी लागलेल्या आगींचा धूर निवळेपर्यंत वाटप करू नये असे माझे मत आहे. बागेत अंतर राखून भेटण्याचा बेतही याच कारणाने पुढे ढकलावा.

प्रेषक: जागा व नोंदणी, 26 ऑगस्ट 2020

पुस्तके, आजोबा हे सर्व ठीक आहे, परंतु रविवार सकाळची जागा आपण फार खटपटीने मिळवली आहे. राज्यपालांच्या 17 जुलैच्या घोषणेनुसार आपल्या काउंटीतील (जिल्ह्यातील) शाळा घरूनच सुरू झाल्या आणि बाहेरच्या संस्थांना वर्गखोल्या कधी मिळतील ते शाळा उघडल्यानंतरच ठरेल. त्या वेळी आपल्या अर्जात रविवारच असला पाहिजे. म्हणून शनिवारचा उल्लेख ‘या वर्षापुरती दूरस्थ सोय’ असाच व्हावा आणि शाळा प्रशासनाशी पत्रव्यवहार माझ्यामार्फतच व्हावा, ही विनंती.

तिसरी शनिवारी गेल्याने एक अडचण मात्र सुटते. आपल्या मराठी मंडळाच्या सशुल्क झूम खात्यावर एका वेळी एकच वर्ग घेता येतो आणि मोफत खाते चाळीस मिनिटांनी बंद पडते. रविवारी दहाला सगळे वर्ग एकदम ठेवले तर आणखी खाती विकत घ्यावी लागतील आणि या वर्षी गणेशोत्सवाची देणगीही जमलेली नाही.

प्रेषक: तिसरीचे एक पालक, 26 ऑगस्ट 2020

पडद्यावर अर्धाच तास असेल तर माझी हरकत नाही. माझ्या आईला सांगलीहून वर्गात बसता येईल, हे तिला कालच सांगितले. परंतु 1 नोव्हेंबरला इथली घड्याळे मागे जातील आणि आपले सात म्हणजे तिकडचे साडेआठ होतील, त्याचे काय?

प्रेषक: शाळा समन्वयक, 27 ऑगस्ट 2020

पुण्याची वेळ साडेसात हीच कायम धरावी. त्यामुळे नोव्हेंबरपासून आपला वर्ग संध्याकाळी सहाला भरेल आणि जेवायला सर्वांना मोकळीक मिळेल. लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला, शनिवारीच असल्याने त्या दिवशी तिसरीला सुट्टी राहील. बालवर्ग, पहिली व दुसरीच्या पालकांनी रविवारच्या वेळा परस्पर बदलू नयेत. त्यांचा तक्ता झूमच्या उपलब्धतेप्रमाणे मी सोमवारी पाठवीन. आजी-आजोबांपैकी कोणाला कोणत्या आठवड्यात यायचे आहे, ते पालकांनी थेट ताईंना कळवावे. एका तासाला एकच पाहुणे असावेत, म्हणजे मुलांना बोलायला वेळ मिळेल.