गुडघ्यामागची गाठ ‘सिस्ट’ म्हणून काढली, रिपोर्ट सायनोव्हियल सार्कोमाचा, म्हणजे एक प्रकारच्या कॅन्सरचा. आता काय करावं?

धाकटा भाऊ, वय 24. गुडघ्यामागच्या खळग्यात दीड वर्षापासून गाठ होती, सुरुवातीला बोराएवढी. उकिडवं बसलं की टोचायची, एरवी काही नाही. बेकर्स सिस्ट (गुडघ्यामागे होणारी पाण्याची साधी गाठ) असेल म्हणाले आणि आम्हीही निर्धास्त झालो. अलीकडे लिंबाएवढी झाली तेव्हा एक्स-रे काढला. गाठीत मिठाचे खडे सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसत होते, मी स्वतः बोट ठेवून विचारलं. “जुनी गाठ आहे, कॅल्शियम साठतं.” एमआरआय नाही, बायोप्सी नाही, थेट ऑपरेशन.

दहा दिवसांनी कागद हातात: मोनोफेजिक (एकाच प्रकारच्या पेशींचा) सायनोव्हियल सार्कोमा, मार्जिन पॉझिटिव्ह. सर्जन म्हणतात, दिसत होतं ते सगळं काढलंय, तीन महिन्यांनी बघू. कडेला पेशी उरल्यात असं रिपोर्टच सांगतोय, मग थांबायचं कशासाठी? पुन्हा ऑपरेशन लागतं का? पाय वाचेल ना? टाके आडवे आहेत, घडीच्या रेषेत, व्रण दिसू नये म्हणून. भाऊ काही विचारत नाही, नुसता त्या टाक्यांवरून बोट फिरवत बसतो. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद
ताई, तीन महिने थांबू नका. माझ्या मुलीला घोट्याजवळ हेच झालं होतं, सहा वर्षं झाली.

आधी निदान पक्कं करा. नाव फसवं आहे: सायनोव्हियम म्हणजे सांध्याचं अस्तर, पण हा आजार त्यातून निघत नाही, बहुतेकदा सांध्याशेजारी होतो इतकंच. X आणि 18 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एसएस18-एसएसएक्स हा जोडजीन तयार होतो. तो फिश टेस्टमध्ये (गाठीच्या पेशींमधली जनुकं तपासतात ती) सापडला की शंका उरत नाही. सोबत कॉन्ट्रास्ट देऊन गुडघ्याचा एमआरआय आणि छातीचा सीटी, कारण हा पसरला तर बहुधा आधी फुफ्फुसात जातो.

मार्जिन पॉझिटिव्ह असेल तर साधारणपणे पुन्हा ऑपरेशन करतात: जुना व्रण, ऑपरेशनची पोकळी आणि भोवतीचा निरोगी भाग, सगळं एकत्र काढतात. म्हणूनच आडवा छेद जरा अडचणीचा. हातापायावर छेद उभा घेतात, म्हणजे दुसऱ्यांदा कमी भाग काढावा लागतो. तरी पाय जाईल हे मनातून काढा, आता बहुतेकांचा वाचतो. जोडीला रेडिएशन असतं. केमो (आयफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन) सरसकट देत नाहीत. ते ठरवताना गाठ 5 सेंमीच्या वर होती का, हे नक्की विचारतील, तो आकडा रिपोर्टमध्ये शोधून ठेवा. आणि हे सगळं सार्कोमा नेहमी हाताळणाऱ्या टीमकडेच, जिथे सर्जन, रेडिएशनवाले आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. तपासण्या मात्र पुढे बरीच वर्षं चालतात. हा आजार दहा वर्षांनीही उलटू शकतो, आम्ही अजून जातो.

धागाकर्ती
खूप आभार. रिपोर्टमध्ये 5.5 सेंमी आहे. उद्या सकाळीच लॅबमध्ये जाते. नेमकं काय मागू?

प्रतिसाद
पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स, दोन्ही. नुसत्या स्लाइड्स देऊन वाटेला लावतात, फिशसाठी ब्लॉक लागतो. एक्स-रेची ती फिल्मही बरोबर ठेवा.