हरणांसाठी फीडर: सदावर्त की टायमर?

राजेंद्रनगरचे काका

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे अमेरिकेतली मंडळी वाचतात आणि ढोरांचे डॉक्टरही, म्हणून विचारतो.

मी इंदूरचा. वीज मंडळात मीटर टेस्टिंगला एकतीस वर्षं काढली, आता रिटायर. लेक-जावई टेक्सासात असतात. सॅन अँटोनियोच्या वायव्येला, केरविलकडे, त्यांनी चौदा एकर जागा घेतली आहे. दगड, लाइव्ह ओकची झाडं आणि ज्याला तिथे सगळे सीडर म्हणतात पण असतो ज्युनिपर, ते झुडूप. मागल्या वर्षी चार महिने राहून आलो. संध्याकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलं की आठ-दहा हरणं यायची. व्हाइटटेल. जरा खुट्ट झालं की शेपूट वर करून पांढरा रुमाल दाखवत पसार.

आता जावईबापूंना फीडर बसवायचा आहे आणि 'बाबा, तुम्ही मशीनचे माणूस, तुम्हीच ठरवा' म्हणून काम माझ्या गळ्यात मारलंय. प्रकार दोन. एक फ्री-चॉइस. मोठी टाकी, खाली तोंडं, हरणाने केव्हाही यावं, तोंड घालावं आणि हवं तेवढं खावं. दुसरा टायमरवाला. तीन पायांवर उंच पिंप, खाली मोटर, मोटरवर चकती. ठरल्या वेळी चकती गर्रकन फिरते आणि मक्याचे दाणे गोल फेकते. सौ.ला मी असं समजावलं की पहिलं म्हणजे अहिल्याबाईंचं सदावर्त आणि दुसरा म्हणजे आरतीनंतरचा प्रसाद, हात पुढे केला तर चिमूटभर मिळणार.

न बघता मत द्यायची सवय नाही, म्हणून गच्चीवर एक करून पाहिला. रंगाचा वीस लिटरचा डबा, महारानी रोडवरून आणलेली १२ व्होल्टची मोटर, स्कूटरची जुनी बॅटरी, आणि चकतीसाठी घरातलं एक स्टीलचं ताट (यावर स्वतंत्र भांडण झालं). छावणी मंडीतून पाच किलो मका आणला. खाली चादर अंथरायची, पाच सेकंद चालवायचं, दाणे गोळा करून वजन करायचं. पहिल्यांदा ६४० ग्रॅम. मग ७१०. तिसऱ्यांदा ३९०! डबा उघडून बघतो तर मक्याचा चुरा आणि भुकटी भोकापाशी येऊन घट्ट बसलेली, वर दाण्यांची कमान. डब्याला चापट मारली की धाडकन सगळं खाली. मीटरमध्ये एवढी चूक निघाली असती तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं. मका चाळून भरला तेव्हा कुठे आकडे जागेवर आले.

चौथ्या दिवसापासून सकाळी सहाच्या टायमरला पावणेसहालाच कबुतरं पाण्याच्या टाकीवर रांगेत. सौ.चं म्हणणं, 'हरणं टेक्सासात आणि शीट आमच्या गच्चीवर.'

फ्री-चॉइसची मला एक धास्ती आहे. लहानपणी देवासला आजोबांच्या गोठ्यात एका म्हशीने रात्री दावं तोडलं आणि मक्याचं पोतं फोडलं. अर्धं पोतं खाल्लं असेल. सकाळी उभी होती, पण रवंथ नाही. दुपारी बसली. आजोबांनी कुशीला मूठ दाबली तर आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज. तिसऱ्या दिवशी गेली. हरीणही रवंथ करणारंच ना? मग चोवीस तास टाकी उघडी ठेवायची कशी?

जाता जाता सांगतो, शिकारीचा संबंध नाही. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. फक्त बघायची आहेत.

ऑस्टिनची मावशी

काका, ताटाबद्दल काकूंना माझी सहानुभूती कळवा.

मी बावीस वर्षं इथे आहे आणि आमच्या शेजाऱ्यांकडे दोन्ही प्रकार आहेत. दोन्ही कशासाठी निघाले ते आधी ऐका. टायमरवाला मका फेकतो पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे शिकारीच्या सीझनमध्ये हरीण घड्याळ लावल्यासारखं मचाणासमोर यावं. तुमच्या कबुतरांसारखंच. फ्री-चॉइसमध्ये मका नसतो सहसा, प्रथिनांच्या गोळ्या असतात, सोळा ते वीस टक्केवाल्या. कारण नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि वसंत-उन्हाळ्यात नवी फुटतात. त्या महिन्यांत गोळी पोटात गेली की शिंगं भरदार. म्हणजे एक बंदुकीसमोर आणायला आणि दुसरा भिंतीवर लावायला. तुम्हाला दोन्ही नकोय.

तरी बसवलाच तर पहिले पाहुणे हरणं नसतात, रानडुकरं असतात. टोळीने येतात आणि रात्रीत जमीन नांगरून जातात. त्यासाठी भोवती चौतीस इंच उंचीचं जाळीचं कुंपण गोल घालतात. हरीण सहज उडी मारून आत जातं, डुक्कर बाहेर राहतं. पण लहान पाडसंही बाहेर राहतात, आईकडे बघत. ते मला बघवत नाही. मग रॅकून. मांजरापेक्षा मोठा, चोराचा काळा मुखवटा आणि माणसासारखी बोटं. तो टायमरच्या चकतीला लोंबकळून हाताने ती फिरवतो आणि दाणे पाडून खातो. म्हणून मोटरभोवती पिंजरा लागतो. पिंजऱ्याशिवाय फीडर घेऊ नका, एवढं तरी ऐका.

आणि सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरणांचा रोग आहे, मेंदूचा. १९६७ साली कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला, टेक्सासात २०१२ साली सापडला. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेलं प्रथिन आहे. लाळेतून, मुतातून पसरतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. औषध नाही. आता विचार करा, वीस हरणांनी एकाच तोंडात तोंड घातलं तर? या भीतीने अमेरिकेतल्या काही राज्यांनी हरणांना खाऊ घालण्यावर बंदी घातली आहे. टेक्सासात स्वतःच्या जागेत चालतं, पण काही गावांचे वेगळे नियम आहेत, ते बघून घ्या.

एक आगाऊ प्रश्न. जावईबापूंना फीडर हरणांसाठी हवाय की टॅक्ससाठी?

डॉ. ढोरवैद्य, महू

काका, तुमच्या म्हशीला जे झालं त्याला आम्ही ॲसिडोसिस म्हणतो. कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी जिवाणू असतात आणि ते सवयीचे गुलाम. पाल्यावर जगणाऱ्या जनावराच्या पोटात पाला पचवणारे जिवाणू जास्त. अचानक पिठूळ दाणा पडला की पिष्ट झपाट्याने आंबतं, लॅक्टिक आम्ल साठतं, आतले चांगले जिवाणू मरतात, रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं. तुमच्या आजोबांनी मूठ दाबून ऐकलं ते हेच पाणी. जगलंच जनावर तर खुरं सुजून लंगडतं.

हरणाचंही तसंच. व्हाइटटेल गवत फार खात नाही, पाला, तण, कोवळे शेंडे आणि ओकची फळं खातं. हिवाळ्यात काड्या चघळणाऱ्या हरणासमोर एकदम मक्याचा ढीग ठेवला तर पोट भरलेलं असूनही मरतं. कोटीपोटाला नवा आहार अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात.

तेव्हा तुमचा प्रश्न थोडा फिरवून विचारा. केव्हा द्यायचं हे दुय्यम, काय द्यायचं हे आधी. फ्री-चॉइसमध्ये मका भरणं हे सर्वांत वाईट. तंतू जास्त असलेली गोळी तितकी घातक नाही. टायमरने मका पसरून थोडा थोडा फेकला तर एकच जनावर ढोसू शकत नाही, तिथे टायमर उजवा. पण मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, म्हणजे तो खाऊ आहे, जेवण नाही.

आणि तो भोकापाशी घट्ट बसलेला चुरा. टेक्सासच्या उन्हात पत्र्याचं पिंप, एक पाऊस आत गेला, की त्याच चुऱ्यात बुरशी धरते. मक्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन होतं, यकृताचं वाटोळं करतं. माणसाच्या खाण्यात अमेरिकेत त्याची मर्यादा २० पीपीबी आहे, म्हणजे शंभर कोटी भागांत वीस. वासाने कळत नाही, दिसत नाही. पिंप महिनोन्महिने भरून ठेवायची चीज नाही.

बडोद्याचा शेळीवाला

वाघोडियाकडे माझ्या चाळीस शेळ्या आहेत. मी दोन्ही करून बसलोय. दावणीत सतत खुराक ठेवला तर दांडग्या चार शेळ्या खातात आणि बाकीच्या तोंडाकडे बघतात. वेळेवर टाकला तर सगळ्या एकदम तुटून पडतात, पण मग एकाऐवजी तीन दावणी लावल्या की भांडण मिटतं. हरणांतही मोठ्या माद्या आणि नर लहानांना हुसकावणारच. टायमर चौफेर फेकतो हा त्याचा गुण म्हणा.

बाकी चौदा एकरांत पाला असताना मका विकत घेऊन हरणाला घालणं माझ्या डोक्यात बसत नाही.

सिमरोलवाला

विषय निघालाच आहे तर, आमच्या शेतावर रोजडे, म्हणजे नीलगायी, रोज येतात (नावातच आहे), हरभरा साफ करतात. बांधावर असा टायमर लावून मका टाकला तर ते पिकात शिरणार नाहीत का? काकांनी डिझाइन पाठवावं.

डॉ. ढोरवैद्य, महू

शिरतील. आधी मका खातील, मग हरभरा, आणि पुढच्या वर्षी जास्त येतील. शिवाय आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. उद्या तिथे एखादं जनावर मेलं तर मका कोणी टाकला हे विचारायला वनखातं येईल. काका, डिझाइन पाठवू नका.

राजेंद्रनगरचे काका

सर्वांचे आभार. डिझाइन पाठवत नाही, ताटही उरलेलं नाही.

मावशी, तुम्ही बरोबर पकडलंत. रात्री फोन लावला आणि सरळ विचारलं, बाबा रे, हरणं की टॅक्स? जावईबापू हसले. टॅक्सच. आधीच्या मालकाच्या शेळ्या होत्या, म्हणून त्या जागेला शेतीचा कर लागतो, फार थोडा. शेळ्या गेल्या तर पूर्ण कर बसेल. पण टेक्सासात १९९५ पासून अशी सोय आहे की शेतीचा कर असलेल्या जागेवर वन्यजीव राखले तरी ती शेतीच धरतात. अट अशी की सात कामांपैकी निदान तीन करायची. फीडर हे त्यातलं एक, हे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्यांच्या डोक्यात भरवलेलं.

मी म्हटलं, बाकीची सहा वाचा. वाचली. पाणी पुरवणं, निवारा करणं, प्राण्यांची गणती, झाडोरा राखणं, मातीची धूप थांबवणं, उपद्रवी शिकारी प्राण्यांना आवरणं. अहो, मग मका कशाला? मी तिथे होतो तेव्हा ऑगस्ट होता आणि घरामागचा ओढा कोरडा ठणठणीत. हरणं लेकीच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी प्यायला यायची, ते मी स्वतः पाहिलंय. जीभ बाहेर काढून नाही, गाईसारखे ओठ टेकवून, एक पीत असताना बाकीच्या उभ्या.

तेव्हा ठरलं ते असं. जमिनीलगत एक उथळ हौद, फ्लोटवाला, एका बाजूला दगडांचा उतार, म्हणजे पाखरू पडलं तर वर चढेल. हौदाचं चित्र मी काढून पाठवलं, मापासकट. सीडर वाढून ओकची रोपं दाबतो तिथे तो काढायचा. आणि गणती, तिचा फॉर्म लेक भरेल, तिला आकड्यांची हौस माझ्याकडूनच आली आहे. काउंटीच्या ऑफिसात आधी विचारून मगच हात घालायचा, हेही सांगितलंय. हौद आठवड्याला घासायचा हे काम जावईबापूंकडे. मावशी, तो रोग पाण्याच्या ठिकाणीही पसरू शकतो का हे त्यांनी तिथल्या वन्यजीव खात्याच्या माणसाला विचारायचं कबूल केलंय.

गच्चीवरचं मशीन बंद करून नऊ दिवस झाले. कबुतरं अजून पावणेसहाला टाकीवर हजर असतात. उरलेला दीड किलो मका सौ.ने दळून आणलाय, आज भाकरी आहे. मोटर चांगली आहे, कोणाला हवी असेल तर राजेंद्रनगरातून घेऊन जा.