सिस्टीममधून भलतंच औषध आलं, रिपोर्टमध्ये 'कारण' काय लिहू? मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, मेडिसिन वॉर्डला. (नाव विचारू नका, नोकरी करायची आहे.) वर्षभरापूर्वी कागदी केस पेपर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं. डॉक्टरांचं अक्षर लावत बसणं संपलं, हे मान्यच.

मागच्या आठवड्यात रात्रपाळीला गडचिरोलीकडची सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलगी ॲडमिट झाली. घरी हायड्रॉक्सीयुरियाची ५०० ची कॅप्सूल चालू. आरएमओंनी (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी) सर्चमध्ये पहिली पाच-सहा अक्षरं टाकली. आमच्या स्क्रीनवर औषधाच्या नावाचा रकाना इतका अरुंद आहे की खाली दिसतं ते असं: हायड्रॉक्सी…, हायड्रॉक्सी…, हायड्रॉक्सी… एक क्लोरोक्विन, एक युरिया, एक झाइन. माऊस नेऊन थांबलं तरच पूर्ण नाव उघडतं. क्लिक पडलं हायड्रॉक्सीझाइनवर, म्हणजे खाजेच्या गोळीवर. नाव निवडलं की डोस सिस्टीमच भरते, त्यामुळे '५००' कुणाला टाइप करावंच लागलं नाही. इंडेंट (औषधाची मागणी) फार्मसीत गेला, गोळी वर आली, मी बेडपाशी पोचले. मुलीच्या आईने पिशवीतून स्ट्रिप काढली. "आमची तं कॅप्सूल राहते जी, हे कोनती गोळी देऊन राहिल्या?"

मी ताडून पाहायला हवं होतं, हो. पण चार्टवरही तीच ऑर्डर. ताडणार कशाशी?

इशारे येतात ना, असं म्हणाल. येतात. पॅरासिटामॉललाही येतो, सलाईनलाही येतो. १५ वेळा ओके दाबल्यावर सोळाव्यांदा कोण वाचतं?

आता आरएमओंना मेमो द्यायचं चाललंय. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "युजर एरर, ट्रेनिंग घेऊ." घटनेचा फॉर्मही त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि कारणाला तीनच पर्याय: दुर्लक्ष, प्रशिक्षणाचा अभाव, इतर. 'इतर'मध्ये काय लिहू म्हणजे कुणी वाचेल? आणि कंपनीकडे नेमकं काय मागू?

वर्धेचा फार्मासिस्ट:
ताई, आधी त्या यादीचा फोटो काढा, पेशंटचं नाव झाकून. मागायचं ते हे: रकाना रुंद करा, डोस आपोआप भरणं बंद करा, आणि नावातला वेगळा भाग मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत दाखवा. मोठ्या अक्षरांचं हे अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २००१ पासून सुचवलंय. हायड्रॉक्सीझाइन त्यांच्या यादीत आहेच, हायड्रलाझिन या बीपीच्या औषधाच्या जोडीला. आणि मॅनेजमेंटला उलटी चूक सांगा. खाजेच्या पेशंटला हायड्रॉक्सीयुरिया चालू झालं आणि आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही तर पांढऱ्या पेशी पडतात. मग खाजेपुरतं राहत नाही.

मेडिकलचा रेसिडेंट:
फॉर्ममध्ये 'निअर मिस' (चूक पेशंटपर्यंत पोचायच्या आत पकडली गेली) असं लिहा आणि माणसाचं नाव टाकू नका. 'तीन औषधांची नावं स्क्रीनवर सारखीच दिसत होती, डोस आपोआप भरला गेला' एवढंच. मेमो निघायच्या आत.
२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एका १६ वर्षांच्या मुलाला एका गोळीऐवजी साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या. डॉक्टर मिलिग्रॅम समजून १६० लिहितात, स्क्रीन मिलिग्रॅम प्रति किलो धरून बसलेली. इशारे आले, डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनीही ते ओलांडले. बेडपाशी बारकोड स्कॅन केला, तोही 'बरोबर' म्हणाला. मुलगा वाचला. तिथेही सगळे शिकलेलेच लोक होते. ट्रेनिंग घेऊ म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

धंतोलीची सिस्टर:
दोघांचेही आभार. फॉर्म भरला, 'इतर'मध्ये तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं. आज फोटो काढायला गेले तर गंमत कळली. ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर तिन्ही नावं पूर्ण दिसतात. कंपनीचा माणूस डेमो तिथेच देतो. आमच्या ट्रॉलीवर जुना चौकोनी मॉनिटर आहे, तो त्याने कधी पाहिलेलाच नाही. सोमवारी येतोय म्हणे. ट्रॉली ढकलत त्याच्यासमोर नेणार आहे, आणि म्हणणार आहे, "घ्या, आता तुम्ही शोधून दाखवा हायड्रॉक्सीयुरिया."