भाजल्याचे व्रण आणि सुगंधी तेलं: तुमचा अनुभव सांगा

सक्करदऱ्याची आई
काल लेकीनं बिनबाह्यांचा कुर्ता घातला. अकरा वर्षांनी. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "दिसतो का गं अजून?" मी म्हटलं, दिसतो, पण माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

आठ वर्षांची होती ती. दिवाळीच्या चकल्या तळत होते, ती मागून "एक दे ना" करत बिलगली आणि झाऱ्यातलं तेल तिच्या दंडावरून कोपरापर्यंत ओघळलं. सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या, शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहायचे. ते जिन्यातूनच ओरडले, "काही लावू नका, नळाखाली धरा!" मोरीत बसून मी तिचा हात धारेखाली धरला. ती रडत होती, मीही रडत होते. मग दवाखाना, एक दिवसाआड ड्रेसिंग, तीन आठवडे.

जखम भरली आणि खरा त्रास तेव्हा सुरू झाला. लालभडक, फुगलेला पट्टा, आणि रात्री इतकी खाज की पोर झोपेत ओरबाडायची. फिजिओथेरपीच्या ताईंनी मालिश शिकवली. १५ मिली खोबरेल तेलात लव्हेंडरचे ३ थेंब, बस. अंगठ्यानं दाबून हळूहळू गोल फिरवायचं, व्रण क्षणभर पांढरा पडेल इतकंच. रोज रात्री दहा मिनिटं, दोन वर्षं.

डाग तेलानं फिकटला की काळानं, देव जाणे. खाज मात्र त्या मालिशीनंच गेली हे छातीवर हात ठेवून सांगते. काल कपाटात त्या लव्हेंडरची निळी बाटली सापडली. झाकण उघडलं तर लेक म्हणते, "आई, या वासानं मला अजून झोप येते."

तुमच्यापैकी कोणी वापरलंय का? लिहा.

इतवारीची पोर
ताई, वाचून भरून आलं.
माझं उलट झालं. बाइकवरून उतरताना पोटरीला सायलेन्सर लागला. एका प्रदर्शनातून टी ट्री ऑइल, म्हणजे एका परदेशी झाडाच्या पानांचं सुगंधी तेल, घेतलं होतं, विकणारी म्हणाली शुद्ध आहे, तसंच लावा. लावलं. दुसऱ्या दिवशी फोड फुटला आणि भोवती गुडघ्यापर्यंत पुरळ. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ॲलर्जी आहे, आणि कोणतंही इसेन्शियल ऑइल, म्हणजे असं झाडापासून काढलेलं तीव्र सुगंधी तेल, साध्या तेलात न मिसळता नुसतं लावायचं नसतं, त्यातून उघड्या जखमेवर तर नाहीच. आता साबणात टी ट्री असला तरी मला खाज सुटते. डाग अजून आहे, पाच रुपयांच्या नाण्याएवढा.

वडाभात
लव्हेंडरची गोष्ट माहीत आहे ना? फ्रान्सचा गॅटफॉसे नावाचा रसायनतज्ज्ञ, १९१० मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला, भाजलेला हात त्यानं शेजारच्या लव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि बरा झाला.

धरमपेठी
@वडाभात ती गोष्ट तशी नाही हो. त्यानं स्वतः लिहिलंय की पेट घेतल्यावर तो गवतावर लोळून विझला. नंतर हात सडायला लागले, गॅस गँगरीन, तेव्हा त्यानं लव्हेंडरच्या अर्कानं धुतले. म्हणजे गोष्ट जंतुसंसर्गाची आहे, चटक्यावर लगेच तेल ओतण्याची नाही. पुढे १९३७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द तिथून पसरला. भांड्यात हात बुडवल्याची कथा ऐकून लोक ताज्या भाजण्यावर बाटली उपडी करतात, म्हणून लिहिलं.

वडाभात
असं आहे होय. मी तर दहा जणांना सांगून बसलो. आज सगळ्यांना फोन करतो.

पांढरी टोपी
मी २२ वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात सिस्टर होते. हात जोडून सांगते, नीट वाचा.
भाजल्याबरोबर नळाचं वाहतं पाणी, २० मिनिटं. घड्याळ लावून. उशीर झाला असेल तरी तीन तासांच्या आत धरलं तर उपयोग होतो. बर्फ नको. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाही. मग स्वच्छ कापडानं सैलसर झाका. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट, कोणतंही तेल, काही नको. आम्हाला ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि त्या वेळी पेशंट जे किंचाळतो ते मी अजून विसरले नाही. हळदीखाली तर जखम किती खोल आहे तेच दिसत नाही.
चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग, विजेचा किंवा ॲसिडचा चटका, लहान मूल, म्हातारं माणूस, शुगरचा पेशंट, यांनी घरी थांबायचंच नाही. पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का, त्यावरून फोनवर डॉक्टरांना अंदाज देता येतो.
तेलाची पाळी कातडी पूर्ण मिटल्यावर. पपडी नाही, ओल नाही, तेव्हा.
बाकी नंतर, नातू उठला.

कूलरची टाकी
सिस्टर, हे लिहून फ्रिजवर चिकटवलं.
एक प्रश्न. कूलरच्या पाण्यात लव्हेंडर टाकलं तर चालतं का? खसच्या टट्ट्यांचा वास आता येत नाही पहिल्यासारखा.

काटोलचा बाग
कूलरमध्ये नका टाकू भाऊ, तेल वर तरंगते अन् पंपात चिकटते. खसच आणा नवा.

बरं, मी संत्र्यावाला माणूस. लहानपणी दिवाळीत आम्ही साल दिव्याजवळ दाबायचो, तडतड ठिणग्या उडायच्या. ते सालीतलं तेलच पेटते. हे सांगून राहिलो कारण माझी बहीण डागावर घालायला हेच तेल देवघरात बसून मिसळत होती, समोर निरांजन. बाटली कलंडली अन् पदरानं पेट घेतला. सासऱ्यानं घोंगडं टाकलं म्हणून वाचली. ही सगळी सुगंधी तेलं पेट घेतात. गॅसजवळ, दिव्याजवळ बाटली उघडू नका बाप्पा.

महालची सून
अगंबाई! वहिनी बऱ्या आहेत ना आता?

काटोलचा बाग
बहीण हो. बरी आहे. मनगटावर थोडं आहे. यंदा आंबिया बहार चांगला फुटला, तिच्याकडे पेटी पाठवली.

महालची सून
बहीणच म्हणायचं होतं, घाईत लिहिलं. पोळ्या लाटता लाटता टाइप करतेय.
ऊन विसरू नका हं कोणी. मी गालावरच्या चटक्याच्या डागावर बर्गमॉटचं, म्हणजे लिंबा-संत्र्याच्या जातीच्या एका फळाचं, तेल लावून मे महिन्यात बर्डीला गेले. ४५ अंश. संध्याकाळपर्यंत गाल तांबडा, आठवड्यानं डागाभोवती काळा नकाशा. बर्गमॉट, लिंबू यांच्या तेलात असा घटक असतो की उन्हात कातडी पोळते. डॉक्टर म्हणाल्या, नवा व्रण तसाही उन्हात काळवंडतो, वर्षभर तरी झाका आणि सनस्क्रीन लावा. तेव्हापासून ओढणी सोडत नाही.

मेळघाटची नात
आमच्या आजीकडे तिखाडीचं तेल असायचं. रोशा गवत म्हणतात काही ठिकाणी. गुलाबासारखा वास. गुडघ्यांना चोळायची. मी एकदा चुलीच्या चटक्यावर लावायला गेले तर आजीनं हातातून बाटली हिसकली. "त्यानं आग होते पोरी, कातडं येऊ दे आधी." शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं. सिस्टरांनी वर लिहिलंय तेच ती सांगत होती.
तो वास कुठे मिळेल का आता? तेलासाठी नाही, आजीसाठी.

धरमपेठी
@मेळघाटची नात पामारोसा नावानं विचारा, तेच गवत.

मेळघाटची नात
खरंच?? उद्याच जाते इतवारीत.

बोर्डाची परीक्षा
शुद्ध कसं ओळखायचं? शंभर रुपयांतही लव्हेंडर मिळतं, हजारातही.

सक्करदऱ्याची आई
मी कोऱ्या कागदावर थेंब टाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग तसाच असेल तर साध्या तेलात मिसळलेलं आहे. पूर्ण खात्री त्यानं होत नाही, पण मोठी फसवणूक कळते. बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव नसेल तर मी घेत नाही. जम्मूत भद्रवाहला आता लव्हेंडरची शेती होते, भाचा तिकडून घेऊन आला होता.

गाठ
माझ्या छातीवर गरम पाण्याचा डाग. तो वाढतच गेला, मूळ जखमेच्या बाहेर. दीड वर्ष फ्रँकिन्सेन्स, हेलिक्रिसम, रोजहिप, सगळं लावलं, पगार ओतला. शेवटी कळलं की कीलॉइड आहे, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारा व्रण. ते कोणत्याच तेलानं बसत नाही. इंजेक्शनं चालू आहेत, सोबत सिलिकॉनची पट्टी, दिवसाचे बारा तासांच्या वर लावून ठेवायची, असे कित्येक महिने. आता सपाट होतंय. डाग जखमेची हद्द ओलांडत असेल तर वाट पाहू नका. माझं दीड वर्ष गेलं.

पांढरी टोपी
@गाठ धीर धरा बाळा, इंजेक्शन मध्येच सोडू नका. व्रण पूर्ण निवायला वर्ष ते दोन वर्षं लागतातच.

तीन मांजरी
विषय थोडा वेगळा. घरात मांजर असेल तर टी ट्री अजिबात उघडं ठेवू नका. माझ्या मनीच्या अंगावर सांडलं, ती चाटली, संध्याकाळी पाय लटपटायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांकडे रात्रभर होतो. वाचली.

इतवारीची पोर
फोटो टाक ना मनीचा!!

मानेवाडा
माफ करा मध्येच लिहितो. आत्ता तासाभरापूर्वी आईच्या पावलावर उकळत्या पाण्याचं पातेलं पडलं. फोड आलेत. आई म्हणते दुखत नाही फारसं. तिला शुगर आहे. घरात लव्हेंडर आहे, लावू का?

पांढरी टोपी
नको. शुगरमुळे दुखणं कळत नाही, म्हणून जास्त जपायचं. आत्ता पाय वाहत्या पाण्याखाली, २० मिनिटं, जोडवी काढा. फोड फोडू नका. स्वच्छ कापड गुंडाळून तडक मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

मानेवाडा
पाणी सुरू केलं. जोडवी निघाली. ऑटो बोलावला.

सक्करदऱ्याची आई
पोचलात की कळवा दादा. आम्ही सगळे जागे आहोत.

काटोलचा बाग
हो भाऊ, कळव.

मानेवाडा
झालं ड्रेसिंग. इंजेक्शन दिलं. परवा परत बोलावलंय. डॉक्टर म्हणाले पाण्याखाली धरलं ते फार बरं केलं. आईला सगळा धागा वाचून दाखवला रांगेत बसून. विचारून राहिली, ती निळी बाटली कुठे मिळते.

सक्करदऱ्याची आई
त्यांना म्हणावं, आधी जखम मिटू द्या. मग डॉक्टर हो म्हणाले की बाटली मी स्वतः आणून देते. सक्करदऱ्याहून मानेवाडा कितीसं लांब.