दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक किंवा वाचक म्हणून काम करायचे आहे. प्रत्यक्षात काय करावे लागते?

कृष्णाकाठ (सातारा)

नमस्कार. मी बँकेतील नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले आहे. अर्थशास्त्रात एम. ए. केले आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षर सुवाच्य आहे आणि आठवड्यातील दोन-तीन सकाळी मोकळ्या असतात. आमच्या परिचयातील एक दृष्टिहीन मुलगी कला शाखेत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागील परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या लेखनिकाने येणे जमत नसल्याचे कळवले आणि घरातील सगळी माणसे रात्री उशिरापर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी शोधात फोन करत राहिली, हे मी जवळून पाहिले. आपल्याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर इतकी साधी गरज आहे आणि आपल्यापाशी वेळ आहे, मग आपण हे काम का करू नये, असे मला तेव्हापासून वाटत आहे.

तरी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. लेखनिक होण्यासाठी वयाची किंवा शिक्षणाची काही अट असते का? त्यासाठी आधी काय शिकून घ्यावे लागते? आणि वर्षभरात साधारण किती वेळ बांधून घ्यावा लागतो? एकदा हो म्हटल्यावर मधेच सोडण्याची वेळ येऊ नये, म्हणून हे आधीच विचारत आहे.

वर्गखोली

आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य वाचून फार बरे वाटले, कारण या कामात उत्साही माणसांची वाण कधीच नसते, वाण असते ती दिलेली वेळ पाळणाऱ्यांची. मी पुण्यातील एका महाविद्यालयात शिकवते आणि परीक्षेच्या दिवसांत लेखनिकांची जुळवाजुळव करण्यात माझा सहभाग असतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. आपले एम. ए. हेच या कामात आड येण्याची शक्यता आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू झाल्यानंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणत असेल तर त्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे, असे म्हटले होते. पुढे या नियमांत बदल होत गेले आहेत आणि राज्य मंडळ, विद्यापीठे, लोकसेवा आयोग, बँकभरतीच्या परीक्षा यांच्या अटीही एकसारख्या नसतात. काही ठिकाणी लेखनिक त्या विषयाचा अभ्यासक नसावा असे सांगितलेले असते, तर बँकभरतीत लेखनिक स्वतः त्याच परीक्षेचा उमेदवार असून चालत नाही. म्हणून ज्या परीक्षेला बसायचे, तिचीच त्या वर्षीची सूचना मुळातून वाचावी, गेल्या वर्षी काय चालले होते यावर विसंबू नये. अटीमागचा हेतू रास्त आहे: परीक्षा विद्यार्थ्याच्या ज्ञानाची आहे, शेजारी बसलेल्या माणसाच्या नव्हे.

याचा व्यवहारातील परिणाम असा होतो की, पदवीच्या विद्यार्थ्यांना लेखनिक म्हणून प्रामुख्याने अकरावी-बारावीची मुले लागतात. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, त्याच सुमारास अकरावीचीही वार्षिक परीक्षेची तयारी चालू असते आणि पदवीच्या उन्हाळी परीक्षा त्यांना लागूनच येतात. आपण जी धावपळ पाहिली, तिचे मूळ बऱ्याच वेळा या वेळापत्रकात असते. मुलांना मदत करायची नसते असे नाही. त्यांना ऐन वेळी विचारले जाते, आणि तेव्हा त्यांचे स्वतःचे पेपर डोक्यावर असतात.

त्यामुळे आपल्याला मी वेगळे काम सुचवते. त्या मुलीसाठी वर्षभर वाचक व्हा, आणि परीक्षेच्या दोन महिने आधीपासून तिचे लेखनिक ठरवण्याची जबाबदारी घ्या. प्रत्येक विषयासाठी वेगळा लेखनिक घेण्याची मुभा २०१८ च्या सूचनांत होती, ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे विचारून घ्यावी, कारण एकाच मुलाला सगळ्या पेपरांना बसवणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. प्रत्येक पेपरासाठी एक नाव पक्के आणि एक नाव राखीव ठेवावे. अर्ज, महाविद्यालयाचे पत्र, लेखनिकाचे छायाचित्र, ओळखपत्र, शिक्षणाचा पुरावा आणि हमीपत्र अशी कागदपत्रे सर्वसाधारणपणे लागतात. राखीव लेखनिकाचीही कागदपत्रे तयार असली, तर बदल करावा लागल्यास केंद्रावर अडवणूक होत नाही.

वेळेबद्दल सांगायचे तर, भरपाई म्हणून दर तासाला किमान २० मिनिटे जादा देण्याची तरतूद आहे, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्यात लवकर पोहोचणे आणि परतीचा प्रवास धरला की एका पेपराला अर्धा दिवस जातो. लेखनिक म्हणून येणाऱ्या मुलाला जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागू नये, याकडे आपल्यासारख्या मोठ्या माणसांनी लक्ष दिले तर फार मोठे काम होईल, कारण ही मुले तोंडाने कधीच मागत नाहीत.

सहा ठिपके

मी जन्मतः दृष्टिहीन आहे आणि सध्या एका सरकारी कार्यालयात नोकरी करतो. दहावीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या परीक्षा मी लेखनिक घेऊनच दिल्या, आम्ही मुले त्यांना रायटर म्हणतो. वर नियमांची माहिती आलीच आहे. त्या चार तासांत खुर्चीवर बसलेल्या माणसाने काय करायचे असते, हे मी सांगतो, म्हणजे आपण जी मुले निवडाल त्यांना ते नीट समजावता येईल.

सर्वांत अवघड काम गप्प राहण्याचे असते. मी एखादे साल चुकीचे सांगितले, तर ते चुकीचेच लिहिले गेले पाहिजे. “नक्की?” एवढा एक शब्द उच्चारला, लिहिता लिहिता हात थांबवला किंवा सुस्कारा सोडला, तरी मला संकेत मिळतो, आणि असा संकेत मिळाला की त्या उत्तराचे गुण माझे राहत नाहीत. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पदवीच्या एका पेपरात माझ्या लेखनिकाने माझी लांब वाक्ये आपल्या मनाने आटोपशीर करून लिहिली. त्याचा हेतू वेळ वाचवण्याचा होता, पण मी मुद्दाम मांडलेली कारणे त्यात गळून गेली आणि ते मला उत्तर वाचून घेतल्यावर कळले. लेखनिकाने भर घालू नये, तशी काटछाटही करू नये. ऐकू आले नाही तर पुन्हा विचारावे, अंदाजाने लिहू नये. विशेषनामे, परकीय नावे आणि इंग्रजी शब्द यांचे स्पेलिंग विद्यार्थ्याला विचारून अक्षर-अक्षर लिहावे.

प्रश्नपत्रिका वाचणे हे लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि त्याचा सराव फारसे कोणी करत नाही. आधी सर्व सूचना, मग प्रत्येक प्रश्न त्याच्या गुणांसकट आणि “खालीलपैकी कोणतेही तीन” अशा अटींसकट एकदा सलग वाचून दाखवावा, म्हणजे मला कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे ठरवता येते. अधोरेखित शब्द, ठळक अक्षरे, अवतरणचिन्हे ही डोळ्यांना सहज दिसतात, पण ती सांगितल्याशिवाय माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ असा प्रश्न वाचून वाक्य नुसतेच वाचले, तर त्या प्रश्नाला अर्थच उरत नाही. जोड्या लावण्याच्या प्रश्नात ‘अ’ गट पूर्ण वाचून मग ‘ब’ गट पूर्ण वाचावा, आणि त्यानंतर ‘अ’ गटातील एकेक पद घेऊन ‘ब’ गट पुन्हा वाचण्याची तयारी ठेवावी. पाचही पदे एका दमात डोक्यात धरून ठेवणे कोणालाही जड जाते. तक्ता असेल तर आधी त्यात किती स्तंभ आहेत आणि त्यांची शीर्षके काय आहेत ते सांगावे आणि मग ओळीने आकडे वाचावेत. नकाशा किंवा आकृतीच्या जागी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न छापलेला असेल, तर तो आठवणीने शोधून वाचावा, कारण तो काही वेळा मूळ प्रश्नाच्या खाली लहान अक्षरांत असतो.

मी विचार करत असताना काही क्षण शांतता पसरते. त्या वेळी “पुढे काय लिहू?” असे विचारू नये. मी सांगेन तेव्हा शेवटचे वाक्य किंवा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवावा, दर अर्ध्या तासाने किती वेळ उरला ते सांगावे, आणि पुरवणीवर बैठक क्रमांक व प्रश्नांचे क्रमांक नीट लिहिले आहेत ना, हे पाहावे. परीक्षकासमोर माझी ओळख त्या कागदापुरतीच असते.

शक्य असेल तर परीक्षेच्या आधी एकदा दोघांनी एकत्र बसून जुनी प्रश्नपत्रिका सोडवून पाहावी. बोलण्याचा वेग आणि लिहिण्याचा वेग यांचा मेळ बसायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो खऱ्या पेपरात जाऊ नये. केंद्रावर नेताना मुलीचा हात ओढू नये, आपले कोपर पुढे करावे म्हणजे ती ते धरून अर्धे पाऊल मागे चालेल.

गोदाई (नाशिक)

माझी मुलगी अकरावीत असताना लेखनिक म्हणून गेली होती, म्हणून पालकांच्या बाजूने थोडे लिहिते. चार तास दुसऱ्याच्या वेगाने लिहिण्याची आजकालच्या मुलांना सवय नसते. आम्ही घरी तासभर वर्तमानपत्रातील मजकूर सांगून लिहून घेतला, तेव्हा तिला स्वतःलाच अंदाज आला. मुलाच्या पालकांना आणि त्याच्या महाविद्यालयाला आधी विचारावे, म्हणजे त्या दिवसाची हजेरी किंवा प्रात्यक्षिक आडवे येत नाही. तसेच पेपर कसा गेला, त्या विद्यार्थ्याला काय आले आणि काय नाही, हे बाहेर कुठेही बोलायचे नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. माझ्या मते ही गुप्तता अक्षरापेक्षा महत्त्वाची आहे.

कृष्णाकाठ (सातारा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लेखनिक होणे माझ्या बाबतीत अवघड आहे हे समजले, आणि वाचक म्हणून काम करण्याची माझी पूर्ण तयारी आहे. आता एक उपप्रश्न. तिची बरीचशी संदर्भपुस्तके आणि प्राध्यापकांच्या टिपा मराठीत आहेत. मोबाइल आता सगळेच वाचून दाखवतो असे ऐकते, मग माणसाने वाचण्याची किंवा ध्वनिमुद्रित करून देण्याची गरज कितपत उरली आहे? आणि पुस्तक असे ध्वनिमुद्रित करून देणे कायद्याने चालते का?

काना मात्रा

मी मराठी पुस्तके दृष्टिहीन वाचकांसाठी संगणकावर आणण्याच्या कामात मदत करतो. गरज उरली आहे, आणि मराठीत ती इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

एनव्हीडीएसारखी संगणकावरील मोफत वाचक-प्रणाली मराठी युनिकोड मजकूर, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या प्रमाण पद्धतीतला मजकूर, वाचून दाखवते. अडचण मजकुराची आहे. वर्षानुवर्षे मराठीत कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या टंकांत (फाँटमध्ये) छपाईचे काम झाले. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते, त्यामुळे अशी फाईल वाचायला लावली की निरर्थक अक्षरे ऐकू येतात. प्राध्यापकांच्या टिपा अशा टंकात असतील, तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, आणि त्या बदलात रफार, जोडाक्षरे व वेलांट्या बिघडतात. छापील पानांची छायाचित्रे घेऊन मजकूर ओळखणाऱ्या सोयी आता बऱ्या झाल्या आहेत, तरी जुन्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होतेच. हे सगळे मूळ पानाशी ताडून दुरुस्त करण्यासाठी मराठी उत्तम जाणणारा, सावकाश वाचणारा माणूस लागतो. आपण बँकेत आकडे ताडून पाहण्यात आयुष्य घालवले आहे, तेव्हा हे काम आपल्याला साधेल असे मला वाटते.

ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करावी, सुरुवातीला पुस्तकाचे नाव, प्रकरण आणि पृष्ठक्रमांक सांगावा, आणि पान उलटताना नवा क्रमांक उच्चारावा, म्हणजे वर्गात “पान ८४ काढा” म्हटल्यावर तिलाही ती जागा गाठता येईल. तळटीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, तेही सांगावे. नाट्यवाचन करू नये. अभ्यासाचे पुस्तक ऐकणारा ते वेग वाढवून ऐकतो, आणि चढउतार जास्त असले की वाढवलेल्या वेगात शब्द कळत नाहीत.

कायद्याबद्दल: कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ खाली दिव्यांग व्यक्तींच्या वैयक्तिक किंवा शैक्षणिक उपयोगासाठी, नफा न घेता, पुस्तक त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात आणण्याची सवलत मिळाली आहे. याच विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. मात्र ती फाईल ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापुरतीच ठेवावी, वर्गाच्या सर्वसाधारण गटावर टाकू नये.

वर्गखोली

वरील सर्व सूचनांशी सहमत आहे. सुरुवात करताना प्रथम त्या मुलीलाच विचारावे. तिला कोणत्या विषयाचे साहित्य मिळत नाही, तिला ऐकून अभ्यास करणे सोयीचे आहे की ब्रेल, आणि मुळात तिला आपली मदत कोणत्या वेळी हवी आहे, हे तिच्या घरच्यांपेक्षा तिने सांगितलेले बरे. त्यानंतर तिच्या महाविद्यालयात दिव्यांग विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना भेटून गावात असे आणखी किती विद्यार्थी आहेत ते पाहावे. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रमुखांशी आताच बोलून ठेवले, तर हिवाळी परीक्षेसाठी अकरावीच्या मुलांची यादी दिवाळीपूर्वी तयार होऊ शकेल. यादीचा नमुना आणि मुलांना द्यायच्या सूचनांचा एक पानी कागद माझ्याकडे आहे. आपण येथे कळवल्यास तो पाठवते.