मदत हवी आहे: ‘ब्लेड रनर’चा पुढचा भाग पाहावा का?

रिडली स्कॉट यांचा १९८२ सालचा ‘ब्लेड रनर’ मला अतिशय प्रिय आहे. विशेषतः २००७ ची ‘फायनल कट’ आवृत्ती, कारण तिच्यात मूळ चित्रपटातले निवेदन आणि ओढूनताणून जोडलेला सुखान्त नाही, शिवाय नायक डेकार्ड माणूस आहे की रेप्लिकंट (हुबेहूब माणसासारखा कृत्रिम जीव), हा प्रश्न माझ्या मते उघडाच राहतो. (स्कॉट यांनी मुलाखतींत दिलेले उत्तर मी मानत नाही.) तब्बल ३५ वर्षांनी, २०१७ मध्ये, डेनी व्हिलनव्ह यांनी काढलेला पुढचा भाग मी आजवर मुद्दाम टाळला आहे. रॉजर डीकिन्स यांना त्याच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळाले, तेव्हा शंका दृश्यांबद्दल नाही, कथेबद्दल आहे. हॅरिसन फोर्ड पुन्हा डेकार्ड म्हणून आल्यावर ती संदिग्धता टिकते का? दोन्ही चित्रपट पाहिलेल्यांनी कथानक न फोडता सांगावे, ही विनंती.