जवारी (देशी) संकेश्वरी मिरचीचं बी हवंय (बदल्यात भूत जोलोकिया, पांढरी कांथारी)

नमस्कार मंडळी,

पुण्यात गच्चीवर १४ कुंड्यांत मिरच्या लावते. माहेर गडहिंग्लजचं, त्यामुळे घरात चटणी म्हणजे संकेश्वरीचीच. (चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट. पुणेकरांनी ताटाच्या डाव्या बाजूची समजू नये.) आमच्या भाऊकीत आता जवारी कुणीच लावत नाही, सगळ्यांनी संकरित धरलंय.

मागच्या वर्षी एका ओळखीतून टपालाने पुडी आली, वर 'अस्सल जवारी संकेश्वरी' लिहिलेलं. ४० बियांतल्या ३१ उगवल्या, जीव हरखला. श्रावणात बघते तर मिरच्या आभाळाकडे तोंड करून! बोटाच्या पेराएवढ्या. संकेश्वरी कशी लांबडी, पातळ सालीची, खाली लोंबणारी. वर्षभर जपलं ते भलतंच निघालं. अजून राग जात नाहीये.

तर खात्रीचं बी कुठे मिळेल? बाजारातली सुकी मिरची फोडून लावली तर चालेल का? आणि शेजारच्या कुंडीत भूत जोलोकिया आहे, तिच्यामुळे संकेश्वरीही जाळ होईल का?

बदल्यात भूत जोलोकिया (मैत्रिणीने दिमापूरहून आणलेल्या मिरचीचं, माझ्याकडची दुसरी पिढी) आणि केरळची पांढरी कांथारी. दोन्ही घरचं बी.

सौदेवाला: माहेर गडहिंग्लज आणि बी पुण्यात शोधताय होय! बाजार समितीत मिरचीचे सौदे निघतात तेव्हा कुणाला तरी पाठवा आणि थेट शेतकऱ्याला गाठा. दुकानात संकेश्वरी म्हणून काय काय खपतं ते न बोललेलं बरं. सुक्या मिरचीचं बी चालतं, फक्त ती झाडावरच पिकून लाल झालेली, उन्हात वाळवलेली आणि याच सालातली हवी. यंत्रात तापवून वाळवलेलीचा भरवसा नाही. लावण्याआधी १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. सात-आठांना मोड आले तर बी जिवंत आहे.

कुंडीबहाद्दर: भूत शेजारी असल्याने यंदाची मिरची तिखट होणार नाही. फळ आईच्याच वळणाचं येतं. भेसळ शिरते ती आतल्या बीत, आणि दिसते पुढच्या वर्षी. मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर धरतं, पण मधमाश्यांना कोण सांगणार? संकेश्वरी 'ॲन्युअम' जातीतली, भूत 'चायनेन्स', तरी दोघींचा संकर होतो. तुमच्या त्या पुडीचंही हेच झालं असेल, पाठवणाऱ्याला पत्ता नसेल.

उपाय स्वस्त आहे. लग्नात सुपारी-बदाम घालून देतात त्या जाळीच्या पिशव्या घ्या. कळ्या उमलायच्या आत फांदीला बांधा, रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा म्हणजे पराग पडतो. मिरची धरली की पिशवी काढा आणि देठाला लाल दोरा बांधा. बी फक्त दोऱ्याच्या मिरचीचं, तेही पूर्ण लाल झाल्यावर. एकाच झाडाचं घेऊ नका, चार-पाच झाडांचं मिसळा.

आता मला सांगा, तुमची भूत जोलोकिया पिशवीत होती का?

परदेशी पाहुणा: मी न्यू जर्सीत. भूत मला पाठवाल का?

कुंडीबहाद्दर: साध्या पाकिटातून नको. तिकडे बियांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र नाहीतर परवाना लागतो. देशातल्या देशात चिंता नाही, २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी द्यायची-घ्यायची मुभा आहे.

मूळ लेखिका: @कुंडीबहाद्दर, नव्हती हो. भूत, कांथारी आणि त्या आभाळाकडे बघणाऱ्या सगळ्या एकाच कठड्यावर, हातभर अंतरावर. त्या पुडीवाल्याच्या नावाने वर्षभर खडे फोडले आणि मी इथे 'घरचं बी' म्हणून तेच वाटायला निघाले होते.

भावाला फोन केलाय, तो सौद्याला जाणार आहे. भूत आणि कांथारीच्या पुड्यांवर आता 'उघड्यावरचं बी, निघेल ते आपलं' असं लिहिलंय. तरीही कुणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भूत उगवायला तीन-चार आठवडेही लागतात, म्हणून माती लगेच उकरून बघू नका.